चालणारी आणि बसणारी



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटातली एक जण सिक्कीमला जाऊन आली. परतल्यावर बैठकीत तिने कांचनगंगेपेक्षा जास्त वेळ एका रस्त्याचंच वर्णन केलं. गंगटोकमधला महात्मा गांधी मार्ग. राजधानीचं शहर, पण २०११च्या जनगणनेत वस्ती जेमतेम लाखभर. त्याच्या मध्यावरचा हा बाजाररस्ता गाड्यांना पूर्ण बंद आहे. खाली फरशी, मधोमध झाडं आणि बाकं, दोन्ही बाजूंना दुकानं. थुंकायचं नाही, सिगारेट ओढायची नाही, कचरा टाकायचा नाही. "मी दोन तास नुसती बसले होते," ती म्हणाली. "हातात पिशवी नाही, कुणाची वाट बघणं नाही. नुसती बसले. आणि कुणी वळून पाहिलंसुद्धा नाही."

हे ऐकताना आमच्यापैकी प्रत्येकीच्या मनात काय आलं असेल, ते तुम्हांला सांगायला नको. आमच्या गोरेगावातही महात्मा गांधी मार्ग आहे. तिथे नुसतं बसायचं तर सोडाच, सरळ रेषेत दहा पावलं चालणंसुद्धा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून एस. व्ही. रोडपर्यंत यायला खरं तर पाच मिनिटं पुरतात. संध्याकाळी सात वाजता तेवढ्याच वाटेला पंधरा लागतात. रिक्षा, बस, दुचाक्या, हातगाड्या, पथाऱ्या, आणि या सगळ्यांतून अंग चोरत चालणाऱ्या आपण. गर्दीत धक्के मारणाऱ्यांची सोयच होते. आमच्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. ती म्हणते, स्टेशनाचा जिना एक वेळ परवडला, पण पुढचा रस्ता नको. दुसरीची मुलगी चाकांच्या खुर्चीत असते. तिला बाजार ठाऊकच नाही.

तर अशा मनःस्थितीत आमच्या भागातल्या काही सोसायट्यांचं एक पत्र आलं. स्टेशनसमोरचा रस्ता 'पादचाऱ्यांसाठी मोकळा' करावा, अशी त्यात मागणी होती. वाचायला छान वाटलं. मी सही केली. आमच्या गटातल्या आणखी अकरा जणींनी केली. पत्राच्या दुसऱ्या पानावर 'मोकळा' या शब्दाचा अर्थ दिलेला होता. सर्व फेरीवाले हटवावेत. दुकानांनी पुढे ओढलेल्या पायऱ्यांचा, कडेला दिवसभर लावून ठेवलेल्या गाड्यांचा त्यात उल्लेख नव्हता. दुसरं पान मी नीट वाचलं नव्हतं. संपादकीय लिहिणाऱ्या बाईने असं कबूल करणं शोभत नाही, पण झालं ते असं झालं.

चार दिवसांनी मी नेहमीच्या मावशींकडे मेथी घ्यायला थांबले. बारा-तेरा वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेते आहे. त्या पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन येतात. जुडी पिशवीत टाकता टाकता त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव वाचून दाखवलं मला कुणीतरी." मला काही सुचेना. मी रस्त्याबद्दल, चालण्याबद्दल काहीतरी बोलू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चालायला रस्ता पाहिजे म्हणता, बरोबरच आहे. मग मी काय उडत येते होय?"

त्या दिवशी मेथीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. तो राग होता, की नेहमीचा जिव्हाळा, की दोन्ही?

बैठकीत मी हे सांगितलं आणि आमच्यात जोरात भांडण झालं. हे संपादकीय त्या भांडणातून आलं आहे. चालणाऱ्या बाईचा हक्क आणि बसून विकणाऱ्या बाईचा हक्क, असे दोन हक्क समोरासमोर उभे केले गेले, आणि आपणही तसे ते उभे करू दिले. बाईचा रस्त्यावरचा हक्क हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. रात्री फिरण्याचा हक्क आपण मागितला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईतल्या बाईला काही कारण नसताना बाहेर रेंगाळता आलं पाहिजे, अशी त्याची मांडणी आहे. त्यावर आम्ही दोन शिबिरं घेतली होती. पण त्या शिबिरांत मावशी नव्हत्या. रस्त्यावर दिवसाचे चौदा तास काढणारी बाई आमच्या लेखी 'रस्त्यावरच्या बायकां'मध्ये नव्हतीच. ती बाजाराचा भाग होती.

आता जरा आपल्या स्वयंपाकघरात डोकावू. संध्याकाळच्या गाडीच्या बायकांच्या डब्यात काय चालतं, ते या मासिकाच्या वाचकांना ठाऊक आहे. कुणी मटार सोलते, कुणी कोथिंबीर निवडते. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी स्टेशनबाहेर निवडलेली भाजी तयार असते. सोललेला लसूण, चिरलेली गवार, किसलेलं खोबरं, फोडलेला फणस. ते सोलणं-चिरणं कुणी केलं? दुपारी ऊन उतरेपर्यंत पथारीमागे बसून दुसऱ्या एका बाईने केलं. नोकरी करून घरी जाऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं, हा आपला दुहेरी भार. त्यातला अर्धा तास या बाईने दहा-वीस रुपयांत आपल्यासाठी उचललेला असतो. घरातल्या पुरुषांनी तो उचलावा यासाठी आपण पन्नास वर्षं भांडतो आहोत. ते भांडण सुटेपर्यंत तो हिच्या बोटांवर आहे. ती रस्त्यावरून उठली तर भाजी अॅपवरून येईल, खरं आहे. आणणारा मुलगा असेल, निवडणारी बाई कुठल्या तरी गोदामात असेल, आणि तिचं तोंडही आपल्याला दिसणार नाही.

गोरेगावात राहून भाव, भाजी आणि बायका यांविषयी लिहायचं, आणि मृणालताईंचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी मिळून महागाईविरोधी संयुक्त महिला आघाडी उभी केली. लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातल्या कितीजणी त्याआधी एकट्या स्टेशनापर्यंतसुद्धा गेल्या नव्हत्या! रस्ता आपला आहे, हे तेव्हाच्या गृहिणीला लाटणं हातात घेतल्यावर कळलं. माझी आई त्या मोर्च्यांच्या गोष्टी सांगायची, तेव्हा गोडेतेल आणि डालडाच्या भावांइतकंच तिला आठवायचं ते 'आम्ही रस्त्याच्या मधोमध चाललो' हे.

चालणाऱ्यांसाठी रस्ता राखण्याची कल्पना काही वाईट नाही. कोपनहेगन या डेन्मार्कच्या राजधानीत १९६२ साली स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता गाड्यांना बंद झाला, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदारांनी ओरड केली होती. गिऱ्हाईक तुटलं नाही. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. लोक रस्त्यात खुर्च्या टाकून बसले, मुलं खेळली. म्हणजे हे आपल्याकडेही होऊ शकतं.

पण त्यात मला दिल्लीचं उदाहरण टोचतं. चांदणी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद. लाल दगडाची फरशी, बाकं, दिवे. आणि फेरीवाल्यांना मनाई! शेकडो वर्षं जो रस्ता बाजार म्हणूनच ओळखला गेला, तिथे चालायला जागा झाली आणि बसायला उरली नाही. रस्त्यावरून मोटार हटवली की जी जागा मिळते, ती कुणाला द्यायची हा खरा प्रश्न. सुंदर झालेल्या रस्त्यावर पहिली बेकायदा ठरते ती टोपली.

आमच्या भागात टोपलीविरुद्ध एक आकडा वापरला जातो, दीडशे मीटर. तो कुठून आला हे तरुण कार्यकर्त्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. पूल अरुंद होता, गर्दी वर्षानुवर्षं वाढत होती आणि पूल तेवढाच राहिला होता. पुढच्या आठवड्यांत राग निघाला तो मात्र स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांवर. टोपल्या उलथल्या गेल्या, माल तुडवला गेला, माणसांना मारहाण झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनांपासून १५० मीटरच्या आत, आणि शाळा, दवाखाने, देवळं-मशिदींपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही असं स्पष्ट केलं. मी एका सकाळी ते दीडशे मीटर पावलांनी मोजले. माझी साधारण दोनशे पावलं झाली. आमच्या पश्चिमेचा बहुतेक सगळा जुना बाजार त्या दोनशे पावलांत येतो.

दुसऱ्या बाजूला २०१४चा पथविक्रेता कायदा आहे. तो १ मे २०१४ पासून लागू झाला. मी तो या भांडणानंतर पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि मला लाज वाटली. इतका उपयोगी कायदा, आणि आमच्या गटाच्या एकाही अभ्यासवर्गात तो नव्हता. हुंडा, कौटुंबिक हिंसा, कामाच्या ठिकाणचा छळ, हे सगळं आम्ही शिकवलं. मावशींचं कामाचं ठिकाण कोणतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

कायदा काय म्हणतो? आधी सर्वेक्षण करा. ते पूर्ण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत असलेल्या विक्रेत्याला उठवता येणार नाही. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केला तर त्याची यादी करून सही करून द्या, आणि भाजी-फुलांसारखा नाशिवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्या. जप्तीची गाडी आली की मावशी टोपली उचलून पळतात. यादी हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणखी एक तरतूद आमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाला थेट उत्तर देणारी आहे. केवळ गर्दी होते एवढ्याच कारणावरून एखादी जागा विक्रीसाठी बंद ठरवता येत नाही, आणि जिथे विकणारे-घेणारे पूर्वापार जमत आले आहेत अशा नैसर्गिक बाजाराला 'ना-विक्री क्षेत्र' म्हणता येत नाही.

आता हा कायदा आणि ते दीडशे मीटर एकमेकांशी कसे बसायचे, यावर वकिलांत वाद आहेत. तो वाद जिथे मिटायला हवा ती जागा म्हणजे नगर पथविक्रेता समिती. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. समिती वीस जणांची धरली तर आठ विक्रेते, त्यात दोन-तीन बायका. थोड्याच, पण नक्की. मुंबईत या समित्यांच्या निवडणुकीचं मतदान झालं ऑगस्ट २०२४ मध्ये. कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी! २०१४च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले होते. मतदार यादीत नावं राहिली सुमारे ३२ हजार. कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घेण्याची तरतूद आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास, म्हणजे हा आकडा तीन लाखांच्या वर जातो. तीन लाख, नव्याण्णव हजार, बत्तीस हजार. या उतरंडीत गळालेल्यांत बायका किती, हे मला हवं आहे. मावशी तरी त्या यादीत नाहीत. सर्वेक्षणाच्या दिवशी त्या मुलीच्या बाळंतपणाला गावी होत्या. बाळंतपण, आजारपण, सासूचं बाराव्याचं, अशी रजा बाईलाच पडते आणि सर्वेक्षण एकाच दिवशी येऊन जातं.

आणि ज्या यादीत आहेत त्यांचं काय? आम्ही पंचवीस-तीस पथाऱ्यांवर जाऊन बोललो. बसते बाई, कागद नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसलं. एकीचा नवरा सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला, कागद त्याच्यासोबत गेला. शेतजमीन आणि घर बाईच्या नावावर व्हावं म्हणून आपण झगडलो. रस्त्यावरची चार बाय चार फुटांची जागा आपल्या नजरेतून सुटली.

एक गोष्ट बोलायचीच राहते, कारण ती लिहायला संकोच वाटतो. लघवीची. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या अन्यायाविरुद्ध २०११ पासून मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' आंदोलन चालवलं. चालणारी बाई निदान घरी पोचेपर्यंत कळ काढते. पहाटेपासून बसलेल्या बाईने काय करायचं? उत्तर प्रत्येक पथारीवर एकच मिळालं. "पाणीच पीत नाही." मे महिन्यात, डांबराच्या कडेला.

आमच्या भांडणात विरुद्ध बाजूने बोललेल्या मैत्रिणींचं म्हणणं मी हलकं मानत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली म्हणाली, "तुला मावशींची दया येते, माझी येत नाही. मी पडले तर?" बरोबर आहे. पदपथ चालण्यासाठीच असला पाहिजे. तिथे पथारी नको, आणि मोटारसायकलही नको. पण त्याच बैठकीत आमच्यातली एक परिचारिका म्हणाली, "रात्रपाळीहून साडेदहाच्या गाडीने मी येते. गजरेवाली आणि अंडेवाला असेपर्यंत मला भीती वाटत नाही. जप्तीची गाडी येऊन गेलेली असली की तोच रस्ता मी पळत काढते." रस्त्यावर माणसांचे डोळे असले की रस्ता सुरक्षित राहतो, असं जेन जेकब्स यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांबद्दल लिहिलं. आमच्या परिचारिकेने ते वाचलेलं नाही. तिला बल्बचा उजेड पुरतो.

मग आम्ही एक बेत केला. रंगीत पेन्सिलींनी रस्त्याचा नकाशा काढला, अगदी शाळेतल्यासारखा. सगळ्यांत जास्त जागा कोण घेतं ते रंगवलं. उभ्या गाड्या आणि दुकानांचे पुढे आलेले भाग मिळून टोपल्यांपेक्षा जास्त रंग लागला. (मोटारीला कुणी फेरीवाली म्हणत नाही. दिवसभर एका जागी ठाण मांडून काहीही न विकणारी ती एकटीच.) या नकाशावरून नवं पत्र तयार झालं. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा या रस्त्यावर खासगी गाड्या बंद ठेवाव्यात. बस, रुग्णवाहिका आणि अपंगांची वाहनं सोडावीत. पदपथ पूर्ण रिकामे करावेत. गाड्या हटल्यावर जी कडा मिळेल तिथे आखून दिलेले ओटे विक्रेत्यांना द्यावेत, त्यांचं प्रमाणपत्र बसणारीच्या नावावर असावं. फुकट स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, आणि रात्रीचे दिवे. सर्वेक्षण पुन्हा करावं. कायद्यानेही ते दर पाच वर्षांनी व्हायलाच हवं.

पहिल्या पत्रावरची माझी सही मी लेखी मागे घेतली आहे. अकरांपैकी आठ जणींनी घेतली. तिघींनी घेतलेली नाही, आणि त्यांचं म्हणणं याच अंकात, एक शब्दही न कापता, छापलं आहे. ते जरूर वाचा आणि पत्रं पाठवा. ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सावंतवाडी, जिथे कुठे तुमचा गट असेल तिथल्या स्टेशनाबाहेर, एस. टी. स्टँडबाहेर एका सकाळी उभ्या राहा आणि मोजा. किती बायका विकतात, कागद कुणाच्या नावावर आहे, जवळचं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे. आकडे पुढच्या अंकापर्यंत आमच्याकडे यावेत.

नवं पत्र पाठवण्याआधी मी मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पालकाच्या जुड्या बांधता बांधता ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "सगळं लिहिलंत, सावलीचं नाही लिहिलंत. ओटा दिला आणि वर पत्रा नाही, तर भाजी दुपारपर्यंत मान टाकते, ताई." ते कलम आम्ही पेनाने समासात घातलं आहे.